हे पाणी नाही

गेल्या महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणारा कंत्राटदार मला वर घेऊन गेला. बी विंगच्या टाकीमागे, कठड्यालगत, साधारण चटईएवढा तपकिरी डाग आहे. त्याच्यावर थर धरत नाही. त्यानं दोनदा लावला, दोनदा पापुद्रा निघून आला. "साहेब, इथे काय सांडलं होतं?" त्यानं विचारलं. माझ्याबरोबर कमिटीतले दोघे नवे मेंबर होते. त्यातला एक म्हणाला, "जुना डाग आहे, असेल काहीतरी." मीही मान डोलावली.

आठ वर्षं मी या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. तिथे काय सांडलं होतं ते मला माहीत आहे, आणि ते कुणाच्या अंगावरून खाली वाहिलं तेही माहीत आहे.

त्या माणसाचं नाव उत्तम तायडे. आता लिहिताना मी त्यांना अहोजाहो करतोय. तेव्हा करत नव्हतो. "काय रे तायडे" म्हणायचो, ते मला "सेक्रेटरीसाहेब" म्हणायचे, आणि वयानं ते माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठेच असावेत.

बुटका, काटक माणूस. डोक्याला कायम टोपी, टोपीच्या मागे मानेवर पडेल असा रुमालाचा तुकडा स्वतः शिवून लावलेला. कुठल्याही वस्तूला हात लावायचा झाला की आधी हाताची मागची बाजू लावून बघायचे. दाराची कडी असो, जिन्याचा कठडा असो, चहाचा कप असो. एकदा मी हसलो तर म्हणाले, "तळहात भाजला तर काम थांबतं साहेब. मागची बाजू भाजली तर काम चालू राहतं." आणि प्यायला पाणी दिलं की पेला उजेडाकडे धरून आरपार बघायचे, मगच तोंडाला लावायचे. माझ्या बायकोला, वंदनाला, पहिल्यांदा ते अपमानासारखं वाटलं होतं. आपला पेला घासलेला नाही की काय असं.

मूळचे मेहकरकडचे, बुलढाणा जिल्ह्यातले. अठराव्या वर्षी मामाकडे साकीनाक्याला आले, तांब्याच्या नळ्या जोडायच्या एका शेडमध्ये लागले आणि तिथून सोलर वॉटर हीटरच्या कंपनीत गेले. मुंबईत पस्तीस वर्षं काढून भाषा मुंबईची झाली होती, पण फार चिडले की 'का' ऐवजी 'काऊन' यायचं. मी ते दोनदाच ऐकलं.

त्यांची पहिली भेट एका रविवारी सकाळी झाली. मी आणि आमचे चेअरमन सबनीस खाली सोसायटीच्या ऑफिसात नोटिस बोर्ड लावत होतो. वॉचमननं त्यांना आत आणलं.

"काय विकायचंय?" सबनीसांनी विचारलं.

"विकायचं काही नाही साहेब. तुमच्या गच्चीवर चोवीस सोलर पॅनल आहेत. बारा ए विंगला, बारा बी विंगला. मीच बसवलेत. त्यातलं लिक्विड काढून न्यायचंय."

"भंगारात घालायला?"

"नाही, फेकायला. म्हणजे नीट फेकायला. पैसे नकोत."

सबनीस हसले. आमच्या इमारतीला परवानगी मिळावी म्हणून बिल्डरनं ते पॅनल लावले होते. दोन-तीन वर्षं आम्ही त्या गरम पाण्यानं आंघोळी केल्या, मग एकेका घरात गॅसचे गीझर आले, वरची टाकी गळायला लागली, कुणीतरी व्हॉल्व्ह बंद केले आणि विषय संपला. पॅनल तसेच वर, आकाशाकडे तोंड करून पडलेले. त्यांच्यात काही भरलेलं आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

"अरे, फुकट कोण काम करतं या मुंबईत? आडनाव काय तुझं?"

"तायडे."

"तायडे." सबनीसांनी ते आडनाव एकदा तोंडात घोळवलं. "गाव?"

"मेहकर."

"हं. हे बघ, वर पिण्याच्या पाण्याच्या टाक्या आहेत. आम्ही असं कुणालाही टाक्यांपाशी सोडत नाही."

त्याच महिन्यात केबलवाला वर गेला होता, मोबाइलच्या टॉवरची माणसं गेली होती, कबुतरांची जाळी लावणारे दोघं तर तीन दिवस टाकीच्या सावलीत जेवत होते. त्यांतल्या कुणालाही आडनाव विचारल्याचं मला आठवत नाही. सबनीस काय म्हणाले ते मला कळलं. तायडेंनाही कळलं. ते शांतपणे म्हणाले, "त्या टाक्यांची झाकणंसुद्धा मीच बसवलीत, साहेब," आणि मान लववून निघून गेले.

पुढच्या रविवारी सबनीस पुण्याला लग्नाला गेले होते. तायडे पुन्हा आले तेव्हा मी त्यांना ए विंगच्या गच्चीवर सोडलं. हे माझं धाडस म्हणून सांगत नाही. सबनीस पुण्याला होते, एवढंच. बी विंगच्या गच्चीची किल्ली त्यांच्या घरात होती.

तायडे सहा वाजताच हजर होते. मी जांभया देत वर गेलो. "एवढ्या सकाळी कशाला?"

"पॅनल तुम्ही बंद केलेत, साहेब. सूर्यानं कुठं बंद केलंय?" ते म्हणाले. "आत अडकलेलं लिक्विड रोज तापतं. दुपारी हे उकळत्या पाण्यापेक्षा गरम असतं आणि बाहेर यायला वाट नसते. एक जोड ढिला केला की फवारा. ऊन चढायच्या आत उघडायचं. दिवसा उघडायचंच झालं, तर आदला अख्खा दिवस ताडपत्री घालून ठेवायचं. आणि जोडाच्या समोर बसायचं नाही. बाजूला बसायचं."

हे सांगताना ते स्वतः जोडाच्या बाजूला उकिडवे बसले होते. पान्यानं अगदी हळू, पाव पाव वळसा देत त्यांनी तो सोडवला. प्रत्येक वळशानंतर थांबून कान द्यायचे. खाली मोठा पांढरा कॅन लावलेला. त्यावर लाल ऑइलपेंटनं, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा अक्षरांत लिहिलं होतं : हे पाणी नाही.

जे बाहेर आलं ते चहाच्या चोथ्याच्या रंगाचं होतं. वास करपलेल्या काकवीसारखा.

"आधी हिरवंगार होतं," तायडे म्हणाले. "वर्षानुवर्षं उकळून असं झालं. चव गोड असते. मांजर, कुत्रं, कावळा, कुणी बी पितं. आणि दोन दिवसांत मूत्रपिंडं जातात."

"असलं विष भरतात आंघोळीच्या पाण्याच्या मशिनीत?"

त्यांनी पाना फडक्यानं पुसला. मग जे सांगितलं ते कॅनकडे बघतच सांगितलं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं तांब्याच्या नळ्यांत क्षार धरतात, म्हणून पॅनलमध्ये पाण्याऐवजी हे द्रव फिरतं आणि टाकीला बाहेरून ऊब देतं. पाण्यात ते मिसळत नाही, टाकी फुटली नाही तर. सुरुवातीला कंपनी त्यातला निरुपद्रवी प्रकार वापरायची. मग मालकानं गाड्यांच्या रेडिएटरमध्ये घालतात त्याची पिंपं आणायला सुरुवात केली.

"मी शेठला म्हटलं, हे ते नाही. शेठ म्हणाला, बंद पाइपात तर राहणार, पितंय कोण? मला बी पटलं. पटवून घेतलं म्हणा. मग मी भरत गेलो. एकेचाळीस इमारती."

"शेठ कुठाय आता?"

"दुबईला. टाइल्स विकतो."

"मग दोष त्याचा. तुझा कसला?"

"भरताना पाना माझ्या हातात होता," तायडे म्हणाले.

कंपनी बंद पडल्यावर ते साकीनाक्याच्याच एका वर्कशॉपमध्ये लागले होते. सुट्टीच्या दिवशी त्या एकेचाळीस इमारतींच्या गेटवर जायचे आणि आपणच भरलेलं काढून द्यायची परवानगी मागायचे. काढलेलं द्रव टेम्पोत घालून, पनवेलच्या पुढे घातक कचरा घेणाऱ्या एका ठिकाणी नेऊन द्यायचे. तीन वर्षांत आठ इमारती झाल्या होत्या. आमची ए विंग म्हणजे साडेआठावी. बाकी ठिकाणी त्यांना कुणी वर सोडलं नव्हतं. फुकट काम करायला आलेल्या माणसाइतका संशय आपल्याला चोराचाही येत नाही.

जाताना त्यांनी वहीचं एक पान फाडून माझ्या हातात दिलं. वर लिहिलं होतं, 'बी विंगसाठी'. खाली चार ओळी : एक दिवस ताडपत्री. सकाळी ऊन यायच्या आत. जोडाच्या समोर बसू नये. गच्चीवर सांडू नये. मी ते पान फाइलला लावलं.

पार्ल्याला माझी मोठी बहीण राहते. तिच्या शेजारच्या इमारतीतल्या लेलेबाईंची गोष्ट तिनं मला सांगितली, आणि ती सांगेपर्यंत त्यातला मिस्त्री म्हणजे आपले तायडे हे मला माहीत नव्हतं.

लेलेबाई एकट्या, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या घराला लागून गच्ची, आणि गच्चीवर त्यांची पाच मांजरं. एका आठवड्यात पाचही गेली. आधी झिंगल्यासारखी चालायला लागली, मग ओकाऱ्या, मग थंड. बाईंनी शेजारच्या घरातल्या माणसावर आळ घेतला, त्याच्याशी कडाक्याचं भांडण केलं. महिन्याभरानं तायडे त्या इमारतीत परवानगी मागायला गेले. वर गेल्यावर त्यांना पॅनलखाली थेंब थेंब गळून साचलेलं डबकं दिसलं, आणि शेजारी मांजरांच्या रिकाम्या वाट्या. त्यांनी कॅन खाली ठेवला आणि बाईंचं दार वाजवलं.

"बाई, तुमची मांजरं शेजाऱ्यानं मारली नाहीत," ते म्हणाले. "ती माझ्या लिक्विडनं मेली. मीच भरलं होतं."

बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, आत गेल्या आणि पोलिसांना फोन केला. तायडे पोलीस येईपर्यंत बसून राहिले. दिवसभर त्यांना चौकीत ठेवलं. मग मांजरांसाठी कुणावर कुठलं कलम लावायचं हे कुणालाच सुचेना, म्हणून सोडलं.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा मी म्हटलं, "कशाला सांगितलंस? तिला जन्मात कळलं नसतं."

"म्हणून तर सांगितलं."

"आणि तिनं पोलिसांत दिलं!"

"बरोबर केलं तिनं," ते म्हणाले. "शेजाऱ्याशी बोलायला लागली परत. मी विचारून आलो." मग पेला उजेडाकडे धरला, बघितला आणि पाणी प्यायले.

त्यानंतर वर्षभर, दर महिन्याच्या एका रविवारी तायडे गेटवर यायचे. "बी विंगचं काय झालं, सेक्रेटरीसाहेब?" मी म्हणायचो, "मीटिंगमध्ये घेतो." एकदा घेतलाही विषय. सबनीस म्हणाले, "हा माणूस भीती विकतोय. आज फुकट करेल, उद्या म्हणेल टाकी बदला, परवा म्हणेल पाइप बदला." मी ए विंगचं सांगणार होतो, की त्यानं काहीच मागितलं नाही. पण मग मी त्याला सबनीसांच्या पाठीमागे वर सोडलं होतं तेही सांगावं लागलं असतं. मी इतिवृत्तात लिहिलं : विषय पुढील सभेत घेण्यात यावा. त्या महिन्यात तायडे आले तेव्हा मी त्यांना हेच वाक्य वाचून दाखवलं. तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, "काऊन पुढच्या सभेत? सूर्य थांबणार आहे का सभेपर्यंत?" लगेच त्यांनी जीभ चावली, "माफ करा साहेब," म्हणाले आणि गेले. पण वॉचमननं ते वर सांगितलं, आणि सबनीसांनी हुकूम सोडला की या माणसाला पुन्हा गेटच्या आत घ्यायचं नाही.

मे महिन्यात गच्चीवर बाग करायचं ठरलं. जुने पॅनल भंगारवाल्याला द्यायचे होते. ते सगळं सबनीसांनीच परस्पर ठरवलं. मी त्या दिवशी ताप आल्यामुळे ऑफिसला गेलो नव्हतो. दुपारी दीडच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बी विंगच्या जिन्यात दोन माणसं दिसली. एकाच्या हातात पाना, दुसऱ्याकडे ग्राइंडर. बाहेर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते.

मी तायडेंना फोन लावला.

"ताडपत्री घातलीय का?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"नाही. बहुतेक नाही."

"आत्ता थांबवा. आत्ता, साहेब! संध्याकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी जवळच आहे, निघालो."

मी खाली उतरलो, बी विंगच्या चौथ्या मजल्यावर सबनीसांची बेल वाजवली. ते जेवायला बसले होते. मी सांगितलं. ऊन, फवारा, ताडपत्री, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाटकर, तुम्हाला ताप आहे," ते म्हणाले. "किती वर्षं बंद पडलेल्या डब्यात काय उरणार आहे? त्या तायड्यानं डोक्यात भरवलंय तुमच्या. बसा. आमरस घ्या थोडा."

वरच्या गच्चीत जायला तीन मजले होते. मी जाऊ शकलो असतो. नुसतं जिन्यातून ओरडलो असतो तरी चाललं असतं. पण सबनीसांच्या घरात, त्यांच्या बायकोनं पाट सरकवल्यावर, त्यांना खोटं पाडून वर जाणं मला जमलं नाही. मी बसलो. वाटी समोर आली. चार चमचे खाल्ले असतील, तेव्हा खाली गेटवर आरडाओरडा ऐकू आला.

"साहब ने मना किया है!" वॉचमन ओरडत होता.

मग काहीतरी आपटल्याचा आवाज, आणि जिन्यात धावणारी पावलं. सबनीसांनी दार उघडलं. तायडे समोरून वर चालले होते, टोपी कुठेतरी पडलेली, श्वास फुललेला.

"ए! कुठे चाललास?"

"सरका!" एवढंच ते म्हणाले.

मी त्यांच्यामागे निघालो. मी एक मजला मागे होतो. गच्चीच्या दारात पोचलो तेव्हा मला दिसलं की भंगारवाल्याचा माणूस पॅनलच्या जोडासमोर, अगदी नाकासमोर जोड येईल असा, मांडी घालून बसलाय आणि दोन्ही हातांनी पाना फिरवतोय. "काऊन समोर बसला रे!" तायडे ओरडले आणि त्याला खांद्याला धरून मागे ओढलं. तो उताणा पडला. तायडे त्या झटक्यात पुढे आले. तेवढ्यात जोड निसटला.

मोठा हिस्स असा आवाज झाला आणि सगळीकडे वाफ. वाफ जरा हटली तेव्हा तायडे कठड्याला टेकून बसले होते. उजवी बाजू, चेहरा, मान, खांदा, हात, सगळ्यावरून ते तपकिरी ओघळत होतं. ते ओरडत नव्हते. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. ज्याला ओढलं होतं त्याला साधं खरचटलंही नव्हतं. तो हिंदीत देवाचं नाव घेत होता.

मी टाकीचं झाकण उघडलं, तिथे पडलेली बादली बुडवली आणि त्यांच्यावर पाणी ओतलं. पुन्हा बुडवली. तोवर सबनीस धापा टाकत वर पोचले होते. त्यांनी तायडेंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अहो, ती बादली टाकीत काय बुडवताय!" ते म्हणाले.

संध्याकाळी पोलीस आले. सोसायटीकडून लेखी निवेदन हवं होतं. सबनीसांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. टाइप करायला वेळ नव्हता म्हणून लेटरहेडवर हातानंच लिहिलं. 'सदर अनधिकृत इसमाने सुरक्षारक्षकास धक्काबुक्की करून इमारतीत प्रवेश केला, गच्चीवर काम करणाऱ्या कामगारास ओढले व त्या झटापटीत जोड निखळून अपघात घडला.' एकेक शब्द सुटा घेतला तर खरा होता. खाली मी सही केली, शिक्का मारला.

घरी आल्यावर वंदनानं विचारलं, "त्यांनी आधी लिहून दिलं होतं, ते लिहिलंस का त्यात?"

"तसं पोलिसांनी विचारलं नव्हतं."

ती उठली. मग आत जाऊन भांडी लावायला लागली. त्या विषयावर ती आजपर्यंत माझ्याशी पुन्हा बोललेली नाही. फाइलमधलं ते चार ओळींचं पान मी काढून घरी आणलं होतं. ते मी पोलिसांना दाखवलं नाही. फाडलंही नाही. एवढाच माझा सज्जनपणा.

अकराव्या दिवशी मी महापालिकेच्या हॉस्पिटलात गेलो. जळालेल्यांच्या वॉर्डात तायडे पडून होते. अर्धं डोकं पट्ट्यांत. उजवा डोळा गेला होता. शेजारी त्यांची मुलगी प्रज्ञा बसली होती, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मला बघून ती उठली नाही.

"तो माणूस बरा आहे ना?" तायडेंनी विचारलं. आवाज घोगरा झाला होता.

"कोण?"

"भंगारवाल्याचा. जोडासमोर बसला होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं बाजूला बसायचं."

"बरा आहे."

"बाकीचे पॅनल?"

"काढले. दुसऱ्या दिवशीच."

"आणि आतलं?"

मी खाली बघितलं. बाकीच्या अकरा पॅनलमधलं भंगारवाल्यांनी गच्चीवरच ओतलं होतं. बरंचसं मोरीच्या पाइपातून खाली गेलं, मागच्या गटारात. तिथे दोन दिवस कावळे पडलेले सापडत होते. झाडूवाल्यानं ते उचलून नेले. तायडेंनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. त्यांनी उरलेला डोळा मिटून घेतला.

काही वेळानं म्हणाले, "साहेब, एक काम करा. ए विंगचं मी नीट काढून दिलं होतं, काही सांडलं नाही, कुणाला काही झालं नाही, एवढं सोसायटीच्या कागदावर लिहून द्या. पुढच्या गेटवर दाखवायला. तोंड आता असं झालं, नुसत्या बोलण्यावर कोण आत घेईल?"

"देतो," मी म्हणालो. "या आठवड्यातच देतो."

निघालो तेव्हा प्रज्ञा वॉर्डच्या दारापर्यंत आली. मला वाटलं काही औषध वगैरे आणायचं असेल.

"काका, पोलिसांनी तुमचं पत्र दाखवलं मला," ती म्हणाली. "अक्षर फार सुंदर आहे तुमचं."

मी ते दुसरं पत्र लिहायला तीनदा बसलो. शिक्का माझ्याच कपाटात होता, कुणाला विचारायचं नव्हतं. पण ए विंगचं काम नीट झालं होतं असं लिहिलं, की मग बी विंगचं का करू दिलं नाही हा प्रश्न आपोआप येत होता, आणि पहिलं पत्र खोटं पडत होतं. पोलिसांत प्रकरण अजून मिटलेलं नव्हतं. ते मिटू दे, मग देऊ, असं मी ठरवलं. ते चार महिन्यांनी मिटलं, तोवर तायडेंना वर्कशॉपमधून काढून टाकलं होतं. दोनदा त्यांचा फोन आला. पहिल्यांदा मी उचलला आणि म्हणालो, "झालंच आहे." दुसऱ्यांदा उचलला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी केला नाही.

अंधेरीतल्या सोसायट्यांच्या चेअरमन-सेक्रेटरींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर सबनीसांनी गेटच्या कॅमेऱ्यातला तायडेंचा फोटो टाकला होता, टोपी घातलेला, वर बघणारा. खाली मजकूर : 'सोलरच्या नावाखाली घुसणाऱ्या या इसमापासून सावध. आपापल्या वॉचमनला पाठवा.' ग्रुपवर तीसेक अंगठे उठले. मी काही लिहिलं नाही.

त्यांना शेवटचं बघितलं ते दोन वर्षांपूर्वी, मरोळच्या सिग्नलला. सकाळचे साडेसहा वाजले असतील. मी एअरपोर्टला चाललो होतो, रिक्षा लाल दिव्याला थांबली होती. डाव्या हाताला एका इमारतीच्या गेटवर तायडे उभे होते. खांद्यावर घडी केलेली ताडपत्री, पायाशी दोन पांढरे कॅन. शेजारी प्रज्ञा, नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत, बहुधा ड्यूटीवर जाता जाता बापाला सोडायला आलेली. तायडे वॉचमनला काहीतरी समजावून सांगत होते. उजवा गाल मानेपर्यंत चुरगळलेल्या कागदासारखा झाला होता, आणि बोलताना वॉचमनकडे बघण्यासाठी त्यांना पूर्ण मान वळवावी लागत होती.

वॉचमननं खिशातून मोबाइल काढला, त्यावर काहीतरी शोधलं. मग तो मोबाइल त्यानं तायडेंच्या चेहऱ्याशेजारी धरला. एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा चेहऱ्याकडे, पुन्हा पडद्याकडे. त्याला ठरवता येत नव्हतं. तायडे न हलता, फोटो काढून घेताना उभं राहावं तसे त्याच्यासमोर उभे राहिले. प्रज्ञानं मान दुसरीकडे फिरवली, आणि तिची नजर रस्त्यावर, रिक्षावर, माझ्यावर येऊन थांबली.

मी पुढे वाकलो होतो. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं.

"यहीं उतरना है क्या?"

"नहीं," मी म्हणालो. "चलो."